अगदी इम्पोर्टेड

ड्यूटी म्हणजे काय, असं मिस्टर हॅन्लींनी वर्गाला विचारलं तेव्हा सगळ्यांत आधी वर गेलेला हात माझा होता. उत्तर येवो न येवो, माझा हात आधी वर जायचा आणि डोकं मागाहून पोचायचं. "माझे वडील रोज ड्यूटीवर जातात," मी ठणकावून सांगितलं, "सकाळी सहा ते दोन." मागून कोणीतरी विचारलं, तुझे वडील सैन्यात आहेत का? मी म्हणालो, छे, ते चिप बनवतात. त्यावर वर्ग असा काही हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लोटून बघून गेल्या. मिस्टर हॅन्ली मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, अजितची ड्यूटी वेगळी, आपल्या धड्यातली वेगळी. परदेशातून येणाऱ्या मालावर सरकार जो कर बसवतं, ती ही ड्यूटी. म्हणजे जकात! आता हा शब्द वर्गात माझ्याइतका कोणालाच माहीत नसणार, कारण आईचे वडील, आमचे अण्णा, सांगलीच्या जकात नाक्यावर कारकून होते. पण ते इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना. माझा आयुष्यातला एकमेव खानदानी विषय असा हातचा गेला.

मिस्टर हॅन्ली आम्हाला सोशल स्टडीज शिकवायचे. उंच, किडकिडीत, आणि ॲरिझोनाच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हातसुद्धा टाय लावणारे. अख्ख्या शाळेत माझं नाव 'अजीट' न म्हणता 'अजित' म्हणणारा तो एकच माणूस, आणि सोळाव्या वर्षी तेवढ्यावर मी त्यांच्यासाठी वाळवंट पायी तुडवलं असतं. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, तुझ्या वडिलांच्या ड्यूटीबद्दल लिही. घराबद्दल लिही. घरात काय काय आहे, कुठून आलं आहे, सगळं लिही, मला वाचायला आवडेल. मी सायकल मारत घरी गेलो तो जवळजवळ तरंगतच.

तेव्हाचं, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं, आमचं चँडलर गाव आजच्यासारखं नव्हतं. आमच्या घराच्या मागची भिंत संपली की कापसाचं शेत सुरू व्हायचं, आणि शेत संपलं की बाबांची कंपनी. छतावरचा कूलर उन्हाळाभर घुरघुरत असायचा आणि घरातल्या सगळ्या कागदांना, पापडांना आणि माझ्या वह्यांना ओलसर वास यायचा. अडीच वाजता बाबांची गाडी कारपोर्टमध्ये शिरली की आई राइस कुकरचं बटण दाबायची. बाबा अंघोळ करून, बनियन घालून टेबलाशी येईपर्यंत कुकर 'टक्' करायचा. त्या टक्‌वर आमच्या घराचं घड्याळ चालायचं. मग गरम भात, मेतकूट, तूप, आणि शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून कोणीतरी येताना आणलेलं लिंबाचं लोणचं. बाबा पहिला घास घेऊन डोळे मिटायचे. हाताला भट्टीची धग लागलेली असायची, पण बोलायचे भाताबद्दल: "मोकळा झालाय हं आज."

बाबा कंपनीत भट्टी सांभाळायचे. सिलिकॉनच्या पातळ चकत्या त्या भट्टीत भाजतात, त्यांना वेफर म्हणतात, आणि वेफर कापून चिप करतात. आता हे सांगलीला कसं कळवणार? बाबांनी पहिल्याच पत्रात लिहिलं, 'मी येथे वेफर भाजतो', आणि आत्याचं उलट टपाली उत्तर आलं की, एवढं इंजिनिअरिंग शिकून अखेर हलवायाचाच धंदा करायचा होता तर सांगलीत काय वाईट होतं! बाबांना ते पत्र फार आवडायचं. पाकिटात घालून कंपनीत नेऊन त्यांनी ते लॅरीला इंग्रजी करून वाचून दाखवलं होतं. लॅरी म्हणजे त्यांचा मॅनेजर. तो कुठे हसला ते बाबांना कधी नीट कळलं नाही, पण हसला याचं समाधान होतं.

आणखी एक शब्द सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. इम्पोर्टेड. आईबाबा ज्या सांगलीतून आले तिथे चांगल्या वस्तूला चांगली कोणी म्हणत नसे, इम्पोर्टेड म्हणत. मामाने मस्कतहून आणलेली नायलॉनची साडी इम्पोर्टेड होती, ते ठीकच. पण शेजारच्या जोगळेकरांची सूनही 'अगदी इम्पोर्टेड' होती, आणि ती होती मिरजेची. अमेरिकेत सहा-सात वर्षं राहूनही आमच्या घरात तो शब्द तसाच राहिला. माझं अक्षर बरं आलं तर आई म्हणायची, "बघा हो, कसं इम्पोर्टेड अक्षर काढलंय." ज्या देशातून माल इम्पोर्ट व्हायचा त्याच देशात येऊन राहिल्यावर आता कशाला इम्पोर्टेड म्हणायचं, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही. घरातला टीव्ही, टेपरेकॉर्डर, गाडी, राइस कुकर, सगळं जपानी होतं, आणि म्हणून सगळं इम्पोर्टेड होतं, दोन्ही अर्थांनी.

हे सगळं मी मिस्टर हॅन्लींच्या निबंधात लिहिलं. एकेका वस्तूची यादी, कंपनीच्या नावासकट. आणि शेवटी, आपण फार विनोदी लिहितो अशा समजुतीत, हे वाक्य टाकलं: माझ्या आईचा माझ्या वडिलांपेक्षा राइस कुकरवर जास्त विश्वास आहे. निबंधाला 'ए' मिळाला. समासात लाल शाईने लिहिलं होतं, जिवंत तपशील! मी तो आईला दाखवला नाही, तिच्यावरचा विनोद होता म्हणून. पण रात्री उशीखाली ठेवून झोपलो, हेही आता कबूल करून टाकतो.

ते दिवस कंपनीत वाईट होते. जपानी चिप स्वस्त येत होत्या, बनवायच्या खर्चापेक्षाही कमी दरात विकतात अशी ओरड होती, आणि आमच्या ओळखीची दोन मराठी घरं सामान बांधून न्यू जर्सीकडे पिस्कॅटवेला गेली होती. माणसं कमी करायच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. तिसरी येणार असं कँटीनमध्ये बोललं जायचं. अशात एक दिवस लॅरीने बाबांना बोलावलं. शहराच्या लायब्ररीत जाहीर वादसभा होणार होती: जपानी मालावर जकात बसवावी का, राष्ट्राध्यक्षांना ती बसवता येते का, आणि बसवली तर सामान्य माणसाचं काय होईल. कंपनीला तिथे एक कामगार हवा होता. लॅरी म्हणाला, तू फक्त तुझी कहाणी सांग. आणि मग म्हणाला, अशा वेळी कोण आपल्यासोबत उभं राहिलं ते कंपनी लक्षात ठेवते.

"लक्षात ठेवते, म्हणाला," बाबांनी आईला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा आई म्हणाली, "अहो, ऐकलं. पण तुम्ही? भाषण? मुंजीत 'भवति भिक्षां देहि' म्हणताना घसा बसला होता म्हणे तुमचा."

"अजित लिहून देईल."

अजितने लिहून दिलं. बारा कार्डं, टाईप करून. बाबांनी पंधरा दिवस रोज ओट्यासमोर उभं राहून तालीम केली. लॅरीने वेळ ठरवून दिली होती, म्हणून आईने युक्ती काढली: बटण दाबायचं, बाबांनी सुरू करायचं, टक् झालं की थांबायचं. जपानी मालावर जकात बसवा असं माझे वडील जपानी राइस कुकरला रोज दुपारी बजावून सांगत, आणि तो न रागावता त्यांना भात करून घालत असे.

एकदा मधेच आईने विचारलं, "पण ही जकात भरणार कोण?"

"जपान!" मी म्हणालो. कार्ड नंबर चार.

"जपान कसा भरेल? अण्णांच्या नाक्यावर पैसे कोण भरायचं? ट्रकवाला. आणि मग मंडईत भेंडी महाग कोणाला व्हायची? आईला. ट्रकवाल्याने काही स्वतःच्या खिशातून नाही भरले कधी."

"अगं, हे वेगळं आहे," बाबा म्हणाले. "हे अमेरिकेचं आहे." पण त्यानंतर चार नंबरच्या कार्डापाशी ते दर वेळी जरा अडखळायला लागले. बाबांना खोटं वाटणारी गोष्ट मोठ्याने बोलता येत नसे. ही अडचण मला त्यांच्याकडून मिळाली असती तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

सभेच्या संध्याकाळी बाबांनी लग्नातला कोट घातला. आई काठपदराची साडी नेसली. आम्ही आमच्या जपानी गाडीतून लायब्ररीत गेलो, आणि ती बाबांनी, का कोण जाणे, जरा लांब, गल्लीत लावली. हॉल भरला होता. कंपनीचे लोक एका बाजूला, लॅरी पहिल्या रांगेत. मंचावर एक वकील होते, एक कापसाचे शेतकरी होते, बाबा होते, आणि टाय लावलेले मिस्टर हॅन्ली. ते विरुद्ध बाजूने बोलणार आहेत हे मला पत्रकावर वाचून आधीच माहीत होतं, आणि सांगायला लाज वाटते, मला त्याचा अभिमान वाटत होता. माझे दोन हिरो एकाच मंचावर!

वकिलांनी सांगितलं की काँग्रेसने कायदा करूनच हा अधिकार राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला आहे, तेव्हा सगळं कायदेशीर आहे. मिस्टर हॅन्ली म्हणाले, राज्यघटनेने कर बसवण्याचं काम काँग्रेसला दिलं आहे, जकात हाही करच, आणि आपलं काम असं दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळं होता येतं का? शेतकरी म्हणाले, ते सगळं ठीक, पण माझा कापूस जपान घेतो, उद्या चिडून त्याने घेतला नाही तर मी तो कोणाला विकू? आई माझ्या कानात म्हणाली, "हा एकटा शहाणा दिसतोय." मग बाबा उठले. बारा कार्डं, एकही शब्द न चुकता. भट्टीची उष्णता, रिकामी झालेली कपाटं, सोबत जेवणारे आणि आता नसलेले लोक. चार नंबरचं कार्ड त्यांनी गाळलं, ते फक्त मला आणि आईला कळलं. टाळ्या पडल्या. लॅरीने अंगठा दाखवला. मला वाटलं, वाचलो आपण. तिसरी फेरी आता आपल्या दारावरून पुढे जाणार.

मग प्रश्न विचारायची वेळ आली आणि मिस्टर हॅन्ली बाबांकडे वळले. अतिशय नम्रपणे. "मिस्टर साठे, तुमच्या घरी टीव्ही कोणत्या देशाचा आहे?" बाबा म्हणाले, जपानी. "टेपरेकॉर्डर?" जपानी. "आज इथे आलात ती गाडी?" हा क्रम माझा होता, निबंधातला. टीव्ही, टेपरेकॉर्डर, गाडी. पुढे काय येणार ते त्या हॉलमध्ये दोनच माणसांना माहीत होतं. "आणि राइस कुकर? मी असं ऐकतो की मिसेस साठेंचा तुमच्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास आहे."

लोक हसले. आईला वाक्य कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा करून परत समोर बघायला लागली.

"मग मला सांगा सर," मिस्टर हॅन्ली म्हणाले, "तुम्ही स्वतः जपानी वस्तू घेता, तर इतरांनी तुमची चिप का घ्यावी?"

याचं कार्ड नव्हतं. बाबांनी हातातली बारा कार्डं उलटीपालटी करून पाहिली, खाली ठेवली, आणि कोटाची बटणं लावली. नंतर ताठ उभे राहून, सबंध संध्याकाळीत पहिल्यांदाच स्वतःच्या इंग्रजीत, स्वतःच्या मनातलं बोलले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना त्यांच्या भट्टीबद्दल त्यांच्याकडे असलेला सर्वांत मोठा शब्द वापरायचा होता. "बिकॉज सर, अवर चिप इज फर्स्ट क्लास. ॲब्सोल्यूटली इम्पोर्टेड!"

सगळा हॉल हसला, मीही हसलो. असं हसू आवरत नाही. शेजारचा हसतो, पुढचा हसतो, आणि आपलं तोंड आपल्याला न विचारता उघडतं. शिवाय मी सोळा वर्षांचा होतो. आणि शिवाय, ते विनोदी होतंच. बाबांना कळेना काय झालं. इंग्रजी अडलं की बँकेत, पोस्टात, डॉक्टरकडे ते नेहमी माझ्याकडे बघत, मी हळूच शब्द पुरवत असे. तसंच त्यांनी त्या गर्दीत मला शोधलं. तिसऱ्या रांगेत मी सापडलो. काय चुकलं रे, असं विचारणारी नजर होती ती. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं, आणि नजर काढून घेतली. त्यानंतर मला वाटतं त्यांनी इंग्रजी शब्दासाठी माझ्याकडे पुन्हा कधी पाहिलं नाही. एक जाडा शब्दकोश आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "भात पातेल्यात लाव." आईने कुकर उचलून वरच्या फळीवर ठेवला. अकरा दिवस आम्ही खाली लागलेला भात खाल्ला आणि एकानेही त्याला नाव ठेवलं नाही. बाराव्या दिवशी दुपारी घरात शिरलो तर 'टक्' ऐकू आलं. बाबांनी घास घेतला, डोळे मिटले. "मोकळा झालाय," म्हणाले. निबंधाबद्दल मला त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, मारलं असतं, तरी चाललं असतं.

मिस्टर हॅन्लींना मात्र मी विचारलं. दुसऱ्याच दिवशी, वर्ग रिकामा झाल्यावर. "तो माझा निबंध होता," एवढंच म्हणालो. ते खरोखर चकित झाले. म्हणाले, "अजित, ती वादसभा होती. त्यात वैयक्तिक काही नव्हतं. आणि तुझे वडील छान बोलले." माझं नाव इतकं अचूक, इतकं प्रेमळ उच्चारलं त्यांनी की मला ते नाव काढून त्यांच्या टेबलावर ठेवून यावंसं वाटलं. त्या वर्षी मी पुन्हा हात वर केला नाही. त्यांना वाटलं असेल, मुलगा अखेर शिस्तीला लागला.

पुढे जकात बसली. चिपवर नव्हे, टीव्ही, संगणक, ड्रिल मशीन असल्या काही जपानी वस्तूंवर. राइस कुकरला कोणी हातही लावला नाही. बातमी आली त्या दिवशी आईने शिरा केला, कारण बाबा खूश होते. जिंकलो म्हणाले. आणि शिरा संपून काही आठवडे होतात न होतात तोच लॅरीने बाबांना आत बोलावलं. भट्टीचा विभाग बंद होत होता. ते काम कंपनी मलेशियात नेणार होती. तिथून चिप इम्पोर्ट होणार होत्या. "मी म्हटलं त्याला, लॅरी, तू म्हणाला होतास लक्षात ठेवते," बाबा आईला सांगत होते. कोटाची बटणं लावावीत तसा त्यांचा हात उगाच बनियनवरून फिरत होता. "तर म्हणाला, म्हणूनच तर तुम्हाला हे देतोय." कंपनीचं नाव शिवलेलं जाड जाकीट होतं. ॲरिझोनात, ऐन उन्हाळ्यात. मापही मोठं. बाबांनी ते घालून पाहिलं, आई हसेल म्हणून. आई हसली नाही. मग बाबांनी सहा महिने वणवण केली आणि शेवटी शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानात लागले, ते निवृत्त होईपर्यंत. जाकीट मात्र त्यांनी हिवाळ्यातल्या सकाळी पुढे कित्येक वर्षं वापरलं. ऊबदार आहे, म्हणायचे, कापडाचा काय दोष.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो आहे. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणांत, पोरांच्या वाढदिवसांना, दर वेळी जरा जास्त रंगवून. माझ्या गोष्टीत निबंध नसतो, तिसरी रांग नसते, जाकीटही नसतं. गोष्ट 'ॲब्सोल्यूटली इम्पोर्टेड'वर संपते आणि लोक हसून लोळतात. बाबा बरोबर असले की बशीतलं उचलत हसून एवढंच म्हणायचे, "पण माल खरंच चांगला होता रे." लोकांना तो विनोदाचाच भाग वाटायचा. मी कधी म्हटलं नाही की तो नाही. आता बाबा नाहीत, आणि इतक्यात टीव्हीवर पुन्हा रोज तेच चाललंय: जकात कोण बसवू शकतं, कोण भरतं, कारखाने परत येतील का. मी आवाज बंद करतो. बंद आवाजातही ती माणसं कार्डं वाचताना दिसतात.

म्हणून हे एकदा सगळंच्या सगळं लिहून काढलं आणि माझ्या बायकोला, मेधाला, वाचायला दिलं. पंचवीस वर्षं ती माझी ही गोष्ट ऐकतेय, आणि पहिल्यांदा ऐकली तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. ती हातात पेन घेऊन वाचायला बसली. मराठी शाळेत शिकवते, पेनाशिवाय तिला वाचता येत नाही. मी ओट्याशी उगाच भांडी लावत उभा राहिलो. सगळं वाचून ती काही पानं मागे गेली, एका ओळीवर थांबली.

"बाकी राहू दे," ती म्हणाली. "'सगळा हॉल हसला, मीही हसलो.' यातले पहिले तीन शब्द काढ. आणि 'मीही'तला 'ही'सुद्धा."